ज्युनिअर केजीचा पाचवा आठवडा : फाटकावरचे रडणे अजून थांबत नाही, काय करावे?

कर्वेनगरची आई
१६ जुलै, रात्री ११.२०

नमस्कार. आमचा मुलगा येत्या नोव्हेंबरमध्ये चार वर्षांचा होईल. जूनच्या मध्यापासून तो घराजवळच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ज्युनिअर केजीला जाऊ लागला आहे. शाळा सकाळी साडेआठ ते साडेअकरा एवढीच असते आणि स्कूटरवर आठ-दहा मिनिटांत पोहोचता येते. आम्ही दोघेही नोकरी करतो, परंतु घरात आजी-आजोबा असल्यामुळे त्याला खेळगटात किंवा पाळणाघरात ठेवण्याची वेळ आजवर आली नाही. त्यामुळे घरच्या माणसांवाचून तीन तास काढण्याची ही त्याची पहिलीच खेप आहे.

पहिले दोन दिवस तो हसतखेळत गेला आणि आम्ही नातेवाइकांना तसे कौतुकाने कळवूनही टाकले. हा प्रकार रोजचाच आहे, हे बहुधा तिसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आले. तेव्हापासून गणवेशाचा शर्ट कपाटातून बाहेर निघाला की त्याचा चेहरा पडतो, आठवड्यातून दोन-तीन वेळा प्यायलेले दूध उलटून पडते, आणि स्कूटर शाळेच्या गल्लीत वळली की पुढे उभा असलेला हा मुलगा हँडल सोडून माझे मनगट घट्ट धरतो. पालकांनी फाटकाच्या आत येऊ नये असा शाळेचा नियम आहे. मावशी त्याला उचलून नेतात, तो त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे हात पसरून रडत राहतो, आणि मी रेनकोटची टोपी पुढे ओढून स्कूटर चालू करते. त्या वेळी पाऊस असला तर बरेच वाटते.

मध्यंतरी पालख्या पुण्यात मुक्कामी होत्या तेव्हा शाळेला सुट्टी मिळाली आणि त्यानंतरचा आठवडा अधिकच अवघड गेला. याउलट आषाढीच्या दिंडीच्या दिवशी धोतर, कपाळाला बुक्का आणि हातात टाळ अशा थाटात तो आपणहून आत पळाला. दुसऱ्या दिवशी मात्र ये रे माझ्या मागल्या.

टीचर सांगतात की तो दहा-पंधरा मिनिटांत शांत होतो आणि मग काहीच त्रास देत नाही. घरी येणारा मुलगा मात्र निराळाच असतो. तो आजीचा पदर सोडत नाही, भाताचा घास भरवून घेतो, क्षुल्लक कारणावरून पाय आपटतो, आणि वर्षभरापूर्वी पूर्ण बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले आहे. डबा निम्मा परत येतो. शाळेत काय झाले असे विचारले तर "काही नाही" एवढेच उत्तर मिळते.

घरात तीन मते आहेत. सासरे म्हणतात की त्याला खेळात रमवून त्याची नजर चुकवून निघून यावे, म्हणजे रडारडच होणार नाही. सासूबाई म्हणतात की एवढ्या लहान जिवाला कशाला छळायचे, हे वर्ष घरीच राहू दे. नवरा म्हणतो की आपण सगळेच असे रडत गेलो होतो, सवय होईल. मला स्वतःला यांपैकी कोणतेच पूर्ण पटत नाही आणि कोणतेच पूर्ण खोडूनही काढता येत नाही. रडण्याकडे किती दिवस धीराने पाहावे आणि कोठे थांबून वेगळा विचार करावा, हे अनुभवी पालकांनी किंवा शिक्षकांनी सांगितले तर फार बरे होईल.

निवृत्त बालवाडीताई
१७ जुलै, सकाळी ६.४५

ताई, मी शहराच्या पेठांमधील एका मराठी बालवाडीत एकतीस वर्षे शिकवले. जून आणि जुलै हे आमच्याकडे रडण्याचे महिने म्हणूनच ओळखले जात, तेव्हा प्रथम हे सांगते की पाचव्या आठवड्यात फाटकावर रडणारा तुमचा मुलगा एकटा नाही. वर्गात दरवर्षी दोन-तीन मुले तरी अशी असतातच, आणि जी घरात सर्वांच्या अंगाखांद्यावर वाढलेली असतात ती त्यांत हमखास असतात.

आजोबांचा मान राखून सांगते, पण नजर चुकवून निघून येऊ नका. त्या दिवसापुरते रडणे टळते हे खरे आहे. मात्र मूल खेळातून मान वर करते आणि आई नाही असे त्याला दिसते, तेव्हा आपण बेसावध राहिलो म्हणून ती गेली असा अर्थ ते लावते. मग ते बेसावध राहायचेच सोडून देते. अशी मुले मी वर्गात पाहिली आहेत. हातात ठोकळे असतात, डोळे दाराकडे असतात, आणि घरी गेल्यावरही आई न्हाणीघरात गेली तरी ती दाराबाहेर उभी राहतात. सांगून गेलेल्या आईमागे मूल रडते, पण न सांगता गेलेल्या आईमागे ते पहारा देते.

निरोप मात्र आखूड असावा. गालावर एक पापी, एक ठरलेले वाक्य आणि पाठ फिरवायची, असा क्रम रोज तोच ठेवा. "रडणार नाहीस ना?", "शहाण्यासारखा राहशील ना?" असे प्रश्न त्या वेळी विचारू नयेत, कारण त्यांची उत्तरे मुलाजवळ नसतात. परत येण्याची वेळ घड्याळात सांगून उपयोग नाही. साडेअकरा म्हणजे काय हे त्याला कळत नाही, पण "आधी गाणी, मग डबा, मग घसरगुंडी, आणि घसरगुंडी झाली की आजोबा फाटकाशी" हे नक्की कळते. त्यासाठी वर्गाचा खरा क्रम टीचरना विचारून घ्या आणि सांगितलेला माणूस सांगितल्या जागी पाच मिनिटे आधीच उभा राहील हे पाहा. आजोबा येणार असे सांगून वाहतुकीमुळे दुसरेच कोणी आले, तर दहा दिवसांची कमाई एका सकाळी जाते.

सोडायला दुसऱ्या कोणी जाऊन पाहिले आहे का? आईपासून सुटताना जे मूल आकांत करते तेच बाबांबरोबर किंवा आजोबांबरोबर बरे जाते, हे इतक्यांदा पाहिले आहे की त्यात आईने वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. सर्वांत मोठे रडणे सर्वांत जवळच्या माणसासाठी राखून ठेवलेले असते. घरी आल्यावरची चिडचिडही त्यातलीच आहे. तीन तास सांभाळून धरलेले सगळे ते आजीच्या मांडीवर सोडून देते.

आता टीचरबाईंच्या "दहा मिनिटांत शांत होतो" याविषयी. त्या खरेच सांगत असतील, पण शांत झालेले मूल रुळलेले असते असे नव्हे. तुम्ही "आज रडला का?" असे विचारणे थांबवा आणि त्याऐवजी तो कोणाच्या शेजारी बसला, आपणहून कोणती वस्तू हातात घेतली, गाण्यात हात हलवले का, असे विचारा. महिना उलटला तरी यांची उत्तरे "कोणी नाही, काही नाही" अशीच येत असतील, तर रडणे थांबले तरी काळजी करावी. आणि उत्तरे चांगली असतील तर फाटकावरचे रडणे आणखी पंधरा दिवस चालले तरी बिघडत नाही.

मुलाला विचारून काही कळणार नाही. त्याच्याशी घरी शाळा-शाळा खेळा, त्यात त्याला बाई होऊ द्या आणि आजीला विद्यार्थी करा. शाळेत काय चालते ते तिथे ऐकायला मिळेल.

थोडे विषयांतर होईल, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या आणि आपल्याच पुणे जिल्ह्यातील मोरगावात जन्मलेल्या अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. पाड्यांवरची आदिवासी मुले बालवाडीत येऊन बसत नाहीत असे दिसले, तेव्हा मुलांत काही खोट आहे असे त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी बालवाडीच उचलून पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली आणि अंगणवाडी हा शब्द तेथूनच आला. रुळण्याचे निम्मे काम शाळेचेही असते, एवढ्यासाठी हे सांगितले. पहिले दोन आठवडे पालकांना वर्गाच्या कोपऱ्यात बसू देणाऱ्या शाळा पुण्यात आहेत. तुमच्या शाळेने तसे केले असते तर जुलैत हा प्रश्न कदाचित तुम्हाला लिहावा लागला नसता.

वारज्याचा बाबा
१७ जुलै, दुपारी १.०५

ताईंनी लिहिले आहे त्यात फारशी भर घालण्यासारखे नाही, परंतु आमचा अनुभव थोडा वेगळा असल्यामुळे तो लिहितो. आमची मुलगी गेल्या वर्षी जून महिनाभर अजिबात रडली नाही आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अचानक शाळेत जायचे नाही असे म्हणू लागली. आम्ही बालमानसशास्त्रावरचे जेवढे काही व्हिडिओ सापडले तेवढे सगळे पाहिले. माझी पत्नी नोकरी सोडण्याचा विचार करू लागली. मी व्हॅनकाकांवर संशय घेतला, ज्याबद्दल मला आजही ओशाळल्यासारखे होते.

कारण निघाले डब्याचे झाकण. जुलैच्या सुरुवातीला आम्ही तिला चारही बाजूंनी खटके असलेला नवा डबा घेतला होता, कारण जुन्यातून वरणाचे ओघळ दप्तरात जात होते. तिच्या बोटांना ते खटके उघडत नव्हते. पहिल्या दिवशी मावशींनी उघडून दिला, दुसऱ्या दिवशी मावशी दुसऱ्या वर्गात होत्या, आणि तिसऱ्या दिवसापासून तिने डबा दप्तरातून काढणेच बंद केले. तूप-साखरेची पोळी रोज तशीच परत येत होती आणि आम्ही मात्र तिची भूक मेली म्हणून चिंता करत होतो. एके संध्याकाळी तिला स्वयंपाकघरात डबा उघडायला सांगितला, तेव्हा ती दोन्ही अंगठे लावून एका खटक्याशी इतका वेळ झगडत राहिली की माझ्या पत्नीला रडू आले. दुसऱ्या दिवशी जुना स्टीलचा डबा परत गेला आणि चार दिवसांत शाळाही सुरळीत झाली.

सर्वांच्या बाबतीत असेच असेल असे मी म्हणत नाही. तुमच्या मुलाचे रडणे तिसऱ्याच दिवशी सुरू झाले, म्हणजे मूळ कारण दुरावण्याचेच असणार. तरीही डबा, पाण्याची बाटली, बुटांचा पट्टा, रेनकोटची बटणे आणि चड्डी या पाच वस्तू त्याला एकट्याला हाताळता येतात का, हे रविवारी जमिनीवर बसून त्याच्याकडून करवून पाहावे. आपण मदत न करता नुसते बघत बसणे हे फार अवघड जाते, एवढी सूचना देऊन ठेवतो.

सकाळच्या घाईबद्दलही एक गोष्ट सांगतो. मला हिंजवडीची बस गाठायची असते. त्यामुळे माझा "चल, चल, लवकर" हा घोष सातलाच सुरू व्हायचा आणि लेक त्याच वेगाने हट्टाला पेटायची. आम्ही सगळ्यांचे उठणे वीस मिनिटे अलीकडे आणले, आणि फाटकावरचा निम्मा तमाशा घरातच विरला.

डॉक्टर, सिंहगड रस्ता
१७ जुलै, रात्री १०.१५

मी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलाला न तपासता निदान करता येत नाही आणि तसे करण्याचा माझा विचारही नाही, परंतु या प्रश्नातील दोन गोष्टींकडे वर कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट अंथरूण ओले होण्याची. पाच वर्षांच्या आतील मुलाने रात्री अंथरूण ओले करणे हा आजार मानला जात नाही, आणि नवी शाळा किंवा धाकट्या भावंडाचा जन्म अशा बदलानंतर बंद झालेली सवय काही काळ परत येणे हे आम्ही नेहमीच पाहतो. त्यासाठी रागावू नये आणि पाहुण्यांसमोर त्याचा उल्लेखही करू नये. मात्र हीच तक्रार दिवसभर लघवी दाबून ठेवणाऱ्या मुलांतही आढळते. म्हणून मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे : शाळेतून परत येताना त्याच्या पाण्याच्या बाटलीत किती पाणी असते? आणि घरी पोहोचल्याबरोबर तो धावत शौचालयात जातो का? शाळेत शू करायला लागू नये म्हणून पाणीच न पिणारी मुले प्रत्येक पावसाळ्यात माझ्याकडे येतात. त्यातून बद्धकोष्ठ होते, लघवीला जळजळ होते, कधी जंतुसंसर्गही होतो. ताप, लघवी करताना रडणे किंवा पोट दुखणे यांपैकी काही असेल तर लघवीची साधी तपासणी करून घ्यावी.

दुसरी गोष्ट उलटीची. ती फक्त शाळेच्या सकाळी होत असेल, रविवारी होत नसेल आणि वजन व्यवस्थित वाढत असेल, तर बहुधा ती धास्तीची असते. धास्तीची असली तरी उलटी खोटी नसते, त्याच्या पोटात खरेच ढवळते. निघण्यापूर्वी पेलाभर दूध घटाघट पाजण्याचा आग्रह सोडावा. उठल्यावर अर्ध्या तासाने थोडे काही कोरडे खायला द्यावे आणि दूध शाळेतून आल्यावर द्यावे. रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, वजन घटणे किंवा सुट्टीतही चालू राहणाऱ्या उलट्या असतील तर त्या शाळेच्या खात्यावर टाकू नयेत, मुलाला दाखवून घ्यावे.

झोपेविषयीही लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी १० ते १३ तास झोप हवी असते, त्यात दुपारची झोपही धरली आहे. पुण्यातील नोकरदार घरांत आई-बाबा आठला घरी येतात, नऊला जेवणे होतात आणि मुले अकराला झोपतात. अशा मुलाला सातला उठवले तर कोणत्याही शाळेच्या फाटकावर ते रडेलच. शिवाय पहिल्या वर्षी सर्दी-खोकला सारखा होईल. वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे या वयात सर्वसाधारण आहे, आणि प्रत्येक आजारपणानंतरचे दोन दिवस रडण्याचे असतात हेही गृहीत धरावे.

कोठे थांबावे असे तुम्ही विचारले आहे. चार आठवडे उलटूनही मूल शाळेचे पूर्ण तास रडत असेल किंवा गोठल्यासारखे बसत असेल, घरीही खेळणे आणि खाणे सोडत असेल, आई दुसऱ्या खोलीत गेली तरी घाबरत असेल किंवा घरी नीट बोलत असूनही शाळेत एकही शब्द बोलत नसेल, तर बालविकासतज्ज्ञाचा सल्ला घेण्यात उशीर करू नये. तुमच्या वर्णनावरून गोष्टी तेथवर गेल्यासारख्या वाटत नाहीत.

धायरीची आजी
१८ जुलै, सकाळी ९.३०

सगळ्यांनी सासूबाईंचे मत बाजूला सारले म्हणून लिहिते आहे. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. आपल्याकडे ३१ डिसेंबरपर्यंत वय पूर्ण होणाऱ्या मुलाला त्या वर्षी प्रवेश मिळतो. नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मलेले मूल ज्युनिअर केजीत बसते तेव्हा ते जेमतेम साडेतीन वर्षांचे असते, आणि शेजारच्या बाकावरचे जानेवारीतले मूल साडेचार वर्षांचे असते. या वयात दहा महिन्यांचे अंतर म्हणजे काय ते ज्यांनी नातवंडे सांभाळली आहेत त्यांनाच ठाऊक. एकाला बूट घालता येतात, दुसऱ्याला नाक शिंकरता येत नाही.

आमची नातही डिसेंबरची. मुलाने आणि सुनेने तिला मोठ्या इंग्रजी शाळेत घातले होते. तिथे पहिल्या महिन्यातच गृहपाठाची वही आली आणि उभ्या-आडव्या रेघा काढण्यावरून घरात रोज संध्याकाळी रडारड होऊ लागली. शेवटी दिवाळीत तिला काढले आणि घराजवळच्या मराठी बालवाडीत, एक वर्ष मागे, बसवले. फी भरलेली बुडाली. मात्र तिथल्या ताईंनी तिला वाळूत खेळू दिले, मातीचे गोळे करू दिले, आणि ताईंशी तिला घरच्याच भाषेत बोलता आले. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तीन ते आठ वर्षे हा एकच टप्पा धरला आहे, त्यात सुरुवातीची तीन वर्षे खेळातून शिकण्याची आहेत आणि पहिलीला सहा वर्षे पूर्ण असावीत असे म्हटले आहे. मग साडेतीनाव्या वर्षी ही धावपळ कशासाठी, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

वारज्याचा बाबा
१८ जुलै, सकाळी १०.१०

आजी, वयाचा मुद्दा मान्य आहे. परंतु पाच आठवडे झाल्यावर रडतो म्हणून काढून घेतले, तर पुढच्या जूनमध्ये पहिल्या दिवसापासून सगळे पुन्हा करावे लागेल आणि तेव्हा त्याला हेही ठाऊक असेल की रडल्यावर घरी राहता येते. शाळाच बरी नसेल तर शाळा बदलावी, वर्गाचा वेग झेपत नसेल तर एक वर्ष मागे बसवावे, पण केवळ फाटकावरच्या रडण्यावरून निर्णय घेऊ नये असे मला वाटते.

कर्वेनगरची आई
३ ऑगस्ट, रात्री १०.४०

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण सांगण्यासारखे काही हाती लागेपर्यंत थांबले होते.

डॉक्टरांचा प्रश्न वाचून मी दुसऱ्याच दिवशी पाण्याची बाटली पाहिली. सकाळी भरून दिलेली बाटली जशीच्या तशी परत आली होती. सासूबाई म्हणाल्या की ती रोजच तशी येते आणि त्या ते पाणी तुळशीला घालतात. घरी आल्यावर तो चप्पल न काढता थेट शौचालयात पळतो हेही त्यांनी पाहिलेले होते, परंतु मला सांगण्यासारखे त्यात काही आहे असे त्यांना वाटले नव्हते.

रविवारी ताईंनी सुचवल्याप्रमाणे शाळा-शाळा मांडली. हा टीचर झाला, सासूबाई आणि दोन उशा असे तीन विद्यार्थी झाले. सासूबाईंनी करंगळी वर केली आणि "टीचर, शू आली" असे म्हटले. त्यावर हा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "नो नो, फुल सेंटेन्स!" आजीला पूर्ण वाक्य येईना. मग त्याने तिला "सिट डाउन" असे सांगितले आणि तो विषय संपला. आम्ही दोघे दारातून पाहत होतो. आधी हसू आले आणि मग हसता येईना.

सोमवारी टीचरना भेटले. त्या खरेच चांगल्या आहेत. त्यांनी सांगितले की "मे आय गो टू द वॉशरूम" हे वाक्य वर्गात सर्वांकडून एका सुरात म्हणवून घेतात, पण वाक्य आले नाही म्हणून कोणाला कधीच थांबवत नाहीत. ते खरेही असेल. आमच्या मुलाने मात्र ते वाक्य म्हणजे दाराची किल्ली आहे असे धरून ठेवले होते आणि ती किल्ली त्याच्याजवळ नव्हती. टीचरनी त्याच दिवशी त्याला जवळ घेऊन मराठीत सांगितले की नुसती करंगळी दाखवली तरी चालते. शिवाय डब्याच्या सुट्टीआधी मावशी सगळ्यांनाच एकदा घेऊन जातील असे ठरवले.

वारज्याच्या दादांच्या पाच वस्तूंपैकी चड्डी आमच्याकडे नापास झाली. घरी तो इलॅस्टिकच्या चड्ड्या घालतो आणि गणवेशाच्या पँटला पुढे लोखंडी हूक आहे. तो हूक मलाच दोन्ही हातांनी काढावा लागला. सासूबाईंनी तुळशीबागेतून इलॅस्टिक आणून दुपारभरात दोन्ही पँटी बदलून टाकल्या आणि वरून हूक दिसायला तसाच ठेवला, म्हणजे शाळेची तक्रार नको.

लघवीची तपासणी केली, ती व्यवस्थित आली. सकाळचे दूध बंद केल्यावर उलटी एकदाच झाली. सोडायला आता आजोबा जातात. नजर चुकवून पळण्याचा त्यांचा बेत ताईंचे उत्तर वाचून दाखवल्यावर त्यांनी मागे घेतला, आणि "घसरगुंडी झाली की मी फाटकाशी" हे वाक्य ते आता इतक्या गांभीर्याने म्हणतात की सव्वाअकरालाच छत्री घेऊन तिथे उभे असतात. गेल्या आठवड्यात बाटली दोनदा निम्मी रिकामी आली. अंथरूण अजून अधूनमधून ओले होते. सोमवारी रडतो, मंगळवारी थोडे कमी, आणि बुधवारनंतर नुसता ओठ काढतो. शेजारी एक मुलगी बसते, तिच्या वॉटरबॅगवर हत्ती आहे, एवढी बातमी परवा आपणहून मिळाली.

धायरीच्या आजींचे म्हणणे मनात राहिले आहे. हे वर्ष त्याच शाळेत काढायचे आणि वर्गात तो मागे पडतो असे दिवाळीनंतर दिसले तर एक वर्ष मागे बसवण्याविषयी बोलायचे, असे आम्ही ठरवले आहे. ते वाचून सासूबाई आपल्या बाजूचे कोणी तरी भेटले म्हणून खूष आहेत.

निवृत्त बालवाडीताई
४ ऑगस्ट, सकाळी ६.३०

वाचून बरे वाटले. शू आल्याचे सांगण्यासाठी परक्या भाषेतले सबंध वाक्य लागते, असे साडेतीन वर्षांच्या मुलाला वाटू नये हे शाळेनेच पहिल्या दिवशी पाहायला हवे होते, पण तुमच्या टीचरबाईंनी ऐकून घेतले हेही काही थोडे नाही.

एक आधीच सांगून ठेवते. गणपतीची सुट्टी झाली की तो पुन्हा दोन-तीन दिवस रडेल, दिवाळीनंतर आणखी एकदा रडेल. तेव्हा घाबरून नव्या युक्त्या काढू नका. तोच निरोप, तेच आजोबा आणि तीच घसरगुंडी चालू ठेवा. आणि हत्तीच्या वॉटरबॅगवाल्या मुलीला एखाद्या रविवारी घरी खेळायला बोलवा.